उकिडवे आणि सहकारी

नळ सोडला की आधी दिवा बघायचा आणि मग भांडं खाली धरायचं, ही आता लहान पोरांनाही लागलेली सवय होती. प्रत्येक नळाच्या मानेवर बोराएवढा दिवा असे. हिरवा असला तर पाणी प्यायचं, लाल असला तर त्या पाण्यानं फार तर फरशी पुसायची. सरकारी कागदांत त्याला ‘जलदर्शक’ म्हणत, घराघरांत नुसता दिवा.

शैलजा हेर्लेकर मात्र दिव्यावर थांबत नसत. दिव्याखालची बारीक पट्टी बोटानं दाबली की पाण्यातल्या एकेका विषाचं नाव, त्याचं आजचं प्रमाण आणि त्याची सुरक्षित मर्यादा सरकत जाई. इतर बायका कॅलेंडरवर तिथी बघतात तशा त्या रोज सकाळी डायफेरीनची ओळ बघत. कापड रंगवण्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या या एका विषापायी त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. निवृत्त होऊनही पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी ती ओळ बघितल्याशिवाय त्यांचा चहा होत नसे.

त्या दिवशी ओळ आली: डायफेरीन, प्रमाण दोन, मर्यादा नऊ.

त्यांनी पट्टी मागे नेली, परत पुढे आणली. नऊच. काल पाच होती. लिटरमागे पाच मायक्रोग्रॅम. हा आकडा त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता, कारण तो काढताना त्या तिथे होत्या. पाणी कालचंच होतं, कोल्हापूरचं नेहमीचं. हलली होती ती मर्यादा.

पट्टीच्या टोकाला ‘आधार’ असं लिहिलेलं असे. ही मर्यादा कुणाच्या संशोधनावर ठरली, ते तिथे दिसायचं. शैलजाबाईंनी तिथे बोट ठेवलं.

‘भालचंद्र उकिडवे आणि सहकारी. शोधनिबंध, गेल्या आठवड्यात प्रकाशित.’

पातेलं भरून वाहू लागलं तरी त्यांनी नळ बंद केला नाही. उकिडवे सरांना जाऊन चार वर्षं झाली होती. पंचगंगेच्या घाटावर त्या स्वतः उभ्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांची भाची मृणाल, भावाची मुलगी. ती कोळगिरीला शाळेत शिकवत होती आणि तिथेच दिली होती; ईरा ही तिची लहान मुलगी. कोळगिरी म्हणजे रंगाऱ्यांचं गाव. तिथले दिवे बसवल्या दिवसापासून लाल होते आणि लोक टँकरच्या पाण्यावर जगत होते.

“आत्या, अगं आमचा नळ हिरवा झाला!” मृणाल ओरडतच होती. “सगळी गल्ली बाहेर आलीय. सासूबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, पहिला फोन आत्याला.”

“मृणाल, ते पाणी ईराला देऊ नकोस.”

“आँ?”

“तू पण पिऊ नकोस. टँकरचंच वापरा.”

“टँकर आजपासून बंद झाला की गं. दिवा हिरवा असला तर नगरपालिका कशाला पाठवतीय टँकर?” मग आवाज जरा उतरला. “का गं? दिवा चुकतोय होय?”

“दिवा चुकत नाही,” शैलजाबाई म्हणाल्या. “मला बघू दे. आठवडाभर बाहेरचं पाणी आण, कसंही करून.”

“मी एकवेळ आणीन आत्या. बाकीच्यांनी काय करायचं?”

शैलजाबाईंनी वाहणारा नळ बंद केला.

कोळगिरीत त्या आणि सर पहिल्यांदा गेले, तेव्हा हे दिवे नव्हते आणि मर्यादा ठरवणारं ‘तराजू’ नावाचं यंत्रही नव्हतं. मुलांच्या बोटांची टोकं बधिर होतायत, अशी एका शाळामास्तरांची तक्रार होती. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, खडू पकडता येत नाही. शैलजाबाई दोन स्टीलचे पेले घेऊन घरोघर बसल्या. एकात गरम पाणी, एकात गार. डोळे मिटून बोट लावायचं आणि सांगायचं. पोरं हसायची आणि चुकीचं सांगायची. तीनतीन वर्षं ते पाणी पिणारी पोरं नेमकी चुकत होती. त्यातून पाचचा आकडा निघाला. निबंध छापून आला तेव्हा वर नाव होतं ‘भा. उकिडवे, शै. हेर्लेकर’. पुढे ज्यानं त्यानं त्याचा संदर्भ दिला तो ‘उकिडवे आणि सहकारी’ असा. त्याचं त्यांना तेव्हा काही वाटलं नव्हतं. हंगेरीहून एकानं निबंधाची प्रत मागणारं पोस्टकार्ड पाठवलं होतं, त्यावरचं तिकीट सरांनी त्यांना दिलं होतं. आपलं काम जगात कुणी वाचलं, हे तेव्हा असं कळायचं.

तेव्हा मर्यादा ठरवायला समिती बसायची. म्हातारे शास्त्रज्ञ दिवसभर भांडायचे, चिवडा खायचे, एकमेकांच्या आकड्यांची टिंगल करायचे आणि संध्याकाळी नाइलाजानं एका आकड्यावर सही करायचे. आता ते काम तराजू करी. हे देशभरचं यंत्र रोज निघणारा प्रत्येक शोधनिबंध वाचायचं आणि त्याच्या लेखकाचं वजन बघायचं. लेखकाचं काम आजवर किती जणांनी संदर्भासाठी वापरलं, ते त्याचं वजन. जड लेखकाचा शब्द खरा धरला जाई. नव्या माणसानं जुन्या आकड्याविरुद्ध काही मांडलं तर तराजू नुसती नोंद करून वर्षानुवर्षं पुराव्याची वाट बघे. फक्त एका बाबतीत तो थांबत नसे: लेखकानं स्वतःचाच निष्कर्ष खोडला तर. स्वतःची चूक कबूल करणाऱ्यावर विश्वास ठेवावा, असा त्यामागचा विचार होता. मर्यादा त्याच रात्री बदलायची.

म्हणजे सरांनी मरणानंतर स्वतःला खोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी शैलजाबाई रिक्षा करून शहराबाहेरच्या टेकडीवर गेल्या. जुन्या प्रयोगशाळेचं आता ‘उकिडवे विषशास्त्र केंद्र’ झालं होतं. इमारतीला नवा रंग होता. दारातल्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं असतील म्हणून त्या वाचायला थांबल्या, तर पाटीवर एकच शब्द होता: ‘शुभचिंतक’. सरांची खुर्ची काचेच्या कपाटात ठेवली होती. जिवंतपणी त्या खुर्चीचा एक पाय डगमगायचा आणि सर खाली पेरूचा खोका सरकवायचे. आता चारही पाय सारखे होते.

केंद्राचा प्रमुख डॉ. अभिजित कणसे हा सरांचा शेवटचा विद्यार्थी. तो उठून पाया पडला. चहा मागवण्याआधीच आला. शैलजाबाईंनी ते मनात टिपून ठेवलं.

“या मॅडम. तुम्ही येणार असं वाटतच होतं.”

“का वाटत होतं?”

“तुम्ही रोज पट्टी बघता हे सगळ्यांना माहितीय.” तो हसला.

“अभिजित, सर कधी गेले?”

“मॅडम...”

“तूच खांदा दिलास. मग गेल्या आठवड्यात निबंध कुणी लिहिला?”

कणसेनं कप खाली ठेवला. त्याला लाज वाटलेली दिसली नाही. काही वाटलंच असेल तर त्यांच्या प्रश्नाचं नवल. “आम्ही लिहिला. पण सरांच्या नावाशिवाय इथून एकही पेपर बाहेर जात नाही, मॅडम. ती आमची रीत आहे. पत्रावर आधी ‘श्री’ काढतो ना, तसं पहिलं नाव सरांचं. आमचेच कशाला, नागपूर, गुवाहाटी, कुठेही विषावर लिहिणारा पोरगा पहिला संदर्भ सरांचाच देतो. श्रद्धा आहे लोकांची.”

“आणि तराजूला वाटतं माणूस जिवंत आहे.”

“त्याला कुणी कळवलं नाही. लेखक लिहितोय तोवर तो हयात धरतो.” त्यानं समोरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “बघा. सर गेले तेव्हापेक्षा आज त्यांचं वजन तिप्पट आहे. देशात विषशास्त्रात एवढं वजन कुणाचंच नाही.”

पडद्यावर सरांचा तरुणपणीचा फोटो होता, आणि त्याच्या बाजूला चढत जाणारी रेघ. मरणाच्या वर्षाशी ती जराही थबकली नव्हती.

“नऊ कुठून काढलेत?” त्यांनी विचारलं.

“प्रयोग स्वच्छ आहे. चिपवर वाढवलेल्या मज्जापेशी, माणसाच्याच. सहा आठवडे डायफेरीन दिलं. नऊपर्यंत काही झालं नाही.”

“सहा आठवडे! अरे, कोळगिरीच्या पोरांची बोटं बधिर व्हायला तीन वर्षं लागली होती.”

“चिपवर तीन वर्षं कशी घालवणार मॅडम? पेपर वर्षात निघावा लागतो.”

“मग तो स्वतःच्या नावानं काढायचास. तराजूनं नोंद करून बाजूला ठेवला असता. कोळगिरीचे टँकर चालू राहिले असते.”

कणसेनं कप उचलून चहाचा घोट घेतला. त्याच्या चेहऱ्यावरून शैलजाबाईंना काही काढता येईना. याला आधीच ठाऊक होतं, की आत्ता उमगलं? बाहेरची ती एका शब्दाची पाटी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना; त्या शब्दामागे रंगाचे कारखानेच तर नव्हते?

“मी आज कळवते,” त्या उठल्या. “मृत्यूचा दाखला मिळवायला वेळ लागणार नाही. सर गेले, असं तराजूला सांगते.”

“बसा मॅडम. ते केलंत तर नऊ जाईल. पण पाचही जाईल.”

“पाच कशाला जाईल? तो त्यांनी जिवंतपणी काढलाय.”

“मेलेल्याला प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून त्याचं वजन शून्य होतं. नियम आहे. मग डायफेरीनला आधारच उरत नाही, आणि आधार नसलेल्या विषाला सरसकट वीसची मर्यादा लागते.” त्याचा आवाज आता मऊ झाला होता. “सरांच्या नावावर अजून बऱ्याच विषांच्या मर्यादा उभ्या आहेत. सगळ्या एका दिवसात कोसळतील.”

“त्या निबंधावर माझंही नाव आहे. मी जिवंत आहे.”

त्यानं पडद्यावर त्यांचं नाव काढलं. फोटो नव्हता. रेघ जमिनीला चिकटून होती; पीएच.डी.ला नुकत्याच लागलेल्या पोराएवढं वजन. “लोकांनी लिहिलं ‘उकिडवे आणि सहकारी’. यंत्रानं तसंच मोजलं. जुन्या संदर्भांत सहकाऱ्याला काही मिळत नाही. हल्ली मिळतं, नव्या पेपरात दुसऱ्या नावाला निम्मा वाटा आहे.”

शैलजाबाई परत खुर्चीत बसल्या. पेल्यांतलं ते गरम-गार पाणी, पोरांचं हसणं, सगळं त्या ‘आणि’च्या मागे कुठेतरी पडलं होतं.

“एक मार्ग आहे,” कणसे म्हणाला. “तुम्ही लिहा. कोळगिरीचा तो जुना अभ्यास, काळाचा मुद्दा, सगळं. आम्ही सरांच्या नावानं पाठवतो. सर पुन्हा स्वतःला खोडतील आणि पाचवर येतील. दोन दिवसांत.”

“मेलेल्या माणसाला बोलायला लावू?”

“खोटं कुठे लिहायचंय? खरंच लिहा. नाव तेवढं सरांचं. आणि दुसरं नाव तुमचं घालू. वाटा मिळेल, वजन वाढेल.”

“माझं नाव नको,” त्या ताडकन म्हणाल्या. “मेलेल्याच्या शेजारी बसून फोटो काढायचा नाही मला.”

रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण ‘नाव नको’ म्हणालो, ‘लिहिणार नाही’ म्हणालोच नाही.

त्यांनी दोन दिवस स्वतःला थोपवलं. तिसऱ्या दिवशी मृणालचा फोन आला. पाण्याची पिंपं विकत आणून नवरा कावलाय, शाळेतली सगळी पोरं नळाचं पाणी पितात आणि ईराही शाळेत तेच पिऊन येते, असं ती सांगत होती. मागून ईरा ओरडत होती, “आत्याआजी, आमचा दिवा हिरवा!” फोन ठेवून शैलजाबाई लिहायला बसल्या.

सरांसारखं लिहिणं किती सोपं होतं, याची त्यांना भीती वाटली. पहिलं वाक्य आखूड. ‘अत्यंत’ हा शब्द कुठेही नाही. दुसऱ्याला खोडताना आधी त्याचं कौतुक, आणि शेवटी स्वतःच्याच निष्कर्षावर एक शंका. एके ठिकाणी त्यांनी वाक्य लिहिलं आणि सर इथे भांडले असते म्हणून ते बदललं. मग सरांचंही बदलून तिसरंच लिहिलं. दुपार कधी सरली ते कळलं नाही. इतक्या वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता, आणि तो झाल्याचं कळताच त्यांनी पेन खाली ठेवलं.

निबंध गेला. तिसऱ्या सकाळी मर्यादा पाच झाली.

मृणालनं रागातच फोन केला. “आत्या, परत लाल! टँकर दुपारी येतो म्हणाले, अजून पत्ता नाही. बायका नगरपालिकेवर गेल्यात घागरी घेऊन. सगळ्या त्या उकिडव्याला शिव्या घालतायत. म्हणे, म्हातारा एकदा हो म्हणतो, एकदा नाही म्हणतो. त्याला धरून आणा आणि इथलं पाणी पाजा म्हणे.”

“आणता आलं असतं तर बरं झालं असतं,” शैलजाबाई म्हणाल्या.

“तू काय केलंस का गं?”

“मी रिटायर बाई. मी काय करणार?”

टँकर सुरू झाले. ईरा टँकरचं पाणी पिऊ लागली. शैलजाबाईंनी रोज पट्टी बघितली. पाच, पाच, पाच. पण आता त्या आकड्यावर त्यांचा पूर्वीसारखा जीव बसेना. कणसे एवढ्या सहज का तयार झाला, हे कोडं त्यांना एका सकाळी भाजी निवडताना सुटलं. नऊ म्हणणारा निबंध त्याच्या केंद्राचा आणि पाच म्हणणाराही त्याच्याच केंद्राचा. देशभर दोन्हींवर वाद पेटला होता, दोन्हींचे संदर्भ वाढत होते, आणि सगळे एकाच नावावर जमा होत होते. खरं काय, याच्याशी त्या वाढीला काही देणंघेणं नव्हतं. सर आता आणखी जड झाले होते, आणि त्यांच्या नावानं मर्यादा पुन्हा हलवणं आणखी सोपं.

दिवाळी उलटल्यावर पट्टीवर दुसरीच ओळ बदलली. मोरिनॉल, म्हणजे धान्याच्या कोठारात वापरायचं कीटकनाशक. मर्यादा निम्म्याहून खाली आली होती. आधार: भालचंद्र उकिडवे आणि सहकारी.

शैलजाबाईंनी निबंध मागवून संशयानं वाचला. आकडे तपासले, नमुने तपासले, काळ तपासला. चूक सापडेना. मांडणी नेटकी होती. पहिलं वाक्य आखूड होतं. ‘अत्यंत’ कुठेही नव्हतं. शेवटी स्वतःवर घेतलेली शंका तर इतकी सरांच्या वळणाची होती की त्यांनी ती दोनदा वाचली. ही मर्यादा खाली यायलाच हवी होती. सर असते तर त्यांनीही खाली आणली असती.

त्यांनी कणसेला फोन लावला. “मोरिनॉलचं काम चांगलं केलंत.”

“मॅडम, मी तुम्हालाच विचारणार होतो. मला वाटलं, तुम्ही लिहिलंत.”

“तुमच्याकडचा नाही?”

“आमच्या केंद्राचा पत्ताच नाही त्यावर. पत्ता कुठलाच नाही.” कणसेचा आवाज पहिल्यांदा कोरडा पडला होता. “आणि तुम्ही लेखकांची नावं पाहिलीत का?”

‘आणि सहकारी’ म्हटल्यावर त्यांनी ती बघितलीच नव्हती. आयुष्यभराच्या सवयीनं. त्यांनी निबंध वर सरकवला.

भालचंद्र उकिडवे, शैलजा हेर्लेकर.

फोन ठेवताठेवताच तराजूचा संदेश आला. ‘आपण या शोधनिबंधाच्या सहलेखिका आहात. वाटा आपल्या नावे जमा करण्यापूर्वी आपली संमती हवी. मान्य आहे का?’ खाली हो आणि नाही.

त्यांनी हिशेब मनातच केला. या निबंधाला संदर्भ भराभर मिळणार होते. निम्मा वाटा त्यांचा. वर्षभरात त्यांचं वजन एवढं होईल की डायफेरीनचा पाच त्यांच्या एकटीच्या नावावर उभा राहील. मग त्या दाखला घेऊन जातील आणि सरांना शेवटी मरू देतील. कोळगिरीचा टँकर बंद होणार नाही, कणसेचं दुकान तेवढं बंद होईल. त्यासाठी फक्त, न लिहिलेलं आपण लिहिलं, एवढं म्हणायचं होतं. ‘नाही’ म्हटलं तर चौकशी होणार, पहिला प्रश्न सरांबद्दल निघणार आणि उद्या सकाळी कोळगिरीचा दिवा हिरवा होणार, वीसच्या मर्यादेवर.

आपल्याला नेमकं हेच हवंय, हे कुणाला माहीत होतं? कणसेला त्यांनी सांगितलं नव्हतं. मृणालला यातलं काही कळत नव्हतं. सरांचे तर्क, सरांची शंका घेण्याची पद्धत, शैलजाबाईंची अडचण, हे सगळं ओळखणारं कुणीतरी कुठेतरी बसलं होतं, आणि त्यानं त्यांच्या दारात न मागता वजन आणून ठेवलं होतं.

त्यांचं बोट ‘हो’च्या वर येऊन थांबलं. आज त्यानं खरं लिहिलं होतं. पण ज्यानं हे वजन दिलं, तो उद्या त्यांच्या नावानं काय बोलणार होता? आणि तेव्हा ‘हे माझं नाही’ असं त्या म्हणाल्या, तर ते कुणाला खरं वाटणार होतं?